अपडेटची नोंद आधी, कोड नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नोकरी सांभाळून तीन वर्षं हौस म्हणून प्रोग्रॅमिंग करतोय. स्वतःची वेबसाइट आहे. घरातल्या पुस्तकांची नोंद ठेवणारं एक छोटं ॲप आहे, ते वीस-पंचवीस जण वापरतात. देवनागरी टायपिंगच्या सरावाचा एक खेळ अर्धवट पडलाय. दर वेळी उत्साहानं अपडेट जाहीर करतो, 'लवकरच येतंय' म्हणून सहा गोष्टींची यादी देतो, आणि मग चार-पाच महिने काहीच होत नाही. परत कोड उघडला की आपण काय करत होतो तेच आठवत नाही. आता सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ॲप उभारायच्या नव्या तयार सांगाड्यावर, पुन्हा लिहावंसं वाटतंय. अपडेट नेमके कसे द्यावेत, आणि हे सगळं चालू कसं ठेवावं?"

गेली सतरा वर्षं मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरते आणि त्यातली चौदा वर्षं संध्याकाळी घरी बसून स्वतःचीही कामं करते. आज माझी चार कामं चालू आहेत: एक वेबसाइट, दोन छोटी ॲप आणि लेखांच्या फाईलींवरून वेबसाइटची पानं तयार करणारी एक स्क्रिप्ट. तीन कामं मी रीतसर बंद केली. चालू कामांत तुमच्यासारखंच एक ॲपही आहे, म्हणजे पुस्तकांची यादी ठेवणारं. त्यामुळे पुढची बरीच उदाहरणं तिथलीच येतील.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते त्यांचं मूळ एकच आहे. तुम्ही अपडेटची नोंद चुकीच्या वेळी लिहिता. काम सुरू होण्याआधी ती वचन म्हणून जाहीर होते, आणि काम झाल्यावर लिहायचं राहून जातं. मी उलटं करते. नोंद कोडच्या आधी लिहिते, काम पूर्ण झालंय असं समजून भूतकाळात लिहिते, आणि कुणालाही दाखवत नाही. मग त्या नोंदीतलं एकेक वाक्य खरं होईपर्यंतच कोड लिहिते. शेवटचं वाक्य खरं झालं की तीच नोंद जशीच्या तशी जाहीर करते.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. माझ्या पुस्तकांच्या ॲपमध्ये वाचायला दिलेल्या पुस्तकांची सोय करायची होती. आधी लिहिलेली नोंद अशी होती: "पुस्तक कुणाला दिलं आहे ते आता नोंदवता येतं. पुस्तकाच्या पानावर 'दिलं' हे बटण आलं आहे. ते दाबलं की नाव आणि तारीख विचारली जाते. पुस्तक परत आलं की 'परत आलं' दाबायचं. तुमच्या जुन्या नोंदींना हात लावलेला नाही."

इतकीच पाच वाक्यं. शेवटचं वाक्य मी वापरणाऱ्यांना धीर यावा म्हणून लिहिलं होतं, पण त्या वाक्यानं कामाचा आराखडाच ठरवला. तोपर्यंत माझ्या मनात पुस्तकांच्या मूळ तक्त्यातच 'कुणाकडे' आणि 'कधी' असे दोन रकाने वाढवायचं होतं. जुन्या नोंदींना हात लावायचा नाही म्हटल्यावर 'देवघेव' असा वेगळा तक्ता आला. त्यामुळे एकच पुस्तक तीनदा वेगवेगळ्या लोकांकडे जाऊन आलं तर तो सगळा इतिहासही आपोआप राहिला. शिवाय "पंधरा दिवसांनी आठवणीचा ईमेल जाईल" ही कल्पना माझ्या डोक्यात घोळत होती, ती नोंदीत कुठे बसेना. ती लिहायला गेले तर आणखी पाच वाक्यं लागत होती: ईमेल कुठून जाणार, नको असेल तर बंद कसा करायचा, पत्ता कुठे साठवणार. म्हणून ती बाजूला ठेवली. आज इतक्या वर्षांनीही ती सोय केलेली नाही आणि कुणी मागितलीही नाही.

नोंद सहा ओळींच्या वर गेली तर मी तिचे दोन तुकडे करते. हा आकडा मी वेळेच्या हिशेबावरून काढलाय. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तास मिळाला तर महिन्याला बारा तास होतात, म्हणजे नोकरीतला दीड दिवस. दर बैठकीला पहिली पंचवीस मिनिटं "आपण कुठे होतो" हे शोधण्यात गेली, तर बारापैकी तीन तासांहून जास्त वेळ तिथेच संपला. नोकरीतल्यासारखी तीन महिन्यांची योजना हौसेच्या कामाला का लागू पडत नाही, ते या हिशेबात दिसतं. तिथे तुम्ही कालच तो कोड पाहिलेला असतो. इथे मध्ये नऊ दिवस गेलेले असतात, घरात आजारपण झालेलं असतं, ऑफिसात रिलीज आलेलं असतं. तेव्हा वेळ वाचवायचा तर आठवण्याचा वाचवायचा. टायपिंगचा वेग वाढवून इथे काही साधत नाही.

त्यासाठी दुसरी सवय. प्रत्येक बैठकीची शेवटची पाच मिनिटं मी कोड लिहीत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच एक साधी मजकुराची फाईल असते, तिच्यात वर तारीख टाकते आणि पुढच्या वेळी फाईल उघडल्यावर पहिली कृती कोणती करायची ते एका वाक्यात लिहिते. "तारखेचा रकाना रिकामा असताना 'परत आलं' दाबलं तर काय होतं ते पाहणे, मला वाटतं तिथे अडेल." असं. हे वाक्य 'देवघेवचं काम पुढे नेणे' असं मोघम असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. चार महिन्यांनी परत येणारी बाई मीच असले तरी ती माझ्यासाठी जवळपास परकीच असते, आणि तिला मी बसल्या बसल्या करता येईल असं काम हातात द्यायला हवं.

गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्यात प्रत्येक बदल नोंदवताना, म्हणजे कमिट करताना, लिहायच्या संदेशांचंही तेच. 'काय' बदललं ते गिट स्वतःच दाखवतं; 'का' बदललं ते तुम्हीच सांगायला हवं. एकदा माझ्याच कोडमध्ये मला दोन विनंत्यांच्या मध्ये दोन सेकंद थांबणारी एक ओळ दिसली. संदेशात फक्त 'दुरुस्ती' असं लिहिलेलं. ओळ निरर्थक वाटली, काढून टाकली, ॲप झपकन चालायला लागलं म्हणून खूश झाले. दोन दिवसांनी पुस्तकांची माहिती जिथून घेत होते त्या सेवेनं माझ्या सर्व्हरच्या विनंत्या नाकारायला सुरुवात केली. त्यांची मर्यादा पाळण्यासाठीच ती ओळ मी तीन वर्षांपूर्वी टाकली होती. संदेशात आठ शब्द जास्त लिहिले असते तर ती संध्याकाळ वाचली असती.

आता पुन्हा लिहिण्याबद्दल. इथे माझं मत ठाम आहे: पुस्तकांचं ॲप पुन्हा लिहू नका. नेटस्केप या कंपनीनं 1998 साली आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला आणि मग तो जवळजवळ मुळापासून पुन्हा लिहायचं ठरलं. 4 ही आवृत्ती 1997 ची. 5 कधी आलीच नाही. 6 आली ती नोव्हेंबर 2000 मध्ये. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर पुढे निघून गेला. ती पगारी प्रोग्रॅमरांची आख्खी फळी होती, तुमच्याकडे महिन्याला बारा तास आहेत. जुन्या कोडमधल्या ज्या ओळी ओबडधोबड दिसतात त्यांतल्या बऱ्याच कुणाच्या तरी खऱ्या अडचणीवरचं उत्तर असतात, माझ्या त्या दोन सेकंदांसारख्या. नव्यानं लिहिताना ती उत्तरं गळतात आणि त्याच अडचणी पुन्हा एकदा वापरणाऱ्यांच्या वाट्याला येतात.

कधी कधी मात्र इलाज नसतो, हेही खरं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला संपली, ब्राउझरमध्ये खेळ आणि ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार अडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला काढून घेतला. फ्लॅशमध्ये खेळ लिहिणाऱ्यांना नव्यानं लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अशी वेळ आली तर तुकड्या-तुकड्यानं जा. एक पान नवं, बाकीची जुनी, दोन्ही एकाच डेटाबेसवर. अशा आवृत्तीची नोंद मी "या वेळी तुम्हाला काहीच वेगळं दिसणार नाही, आतलं एक यंत्र बदललं आहे, शोध बिघडलेला वाटला तर कळवा" अशी लिहिते. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. उलट काय बिघडू शकतं ते आधीच सांगितल्यानं लोक लगेच कळवतात.

नवं फ्रेमवर्क शिकायची इच्छा असेल तर ती हौसेचं काम करण्याचं पुरेसं कारण आहे, तिला दाबू नका. पण ती टायपिंगच्या खेळावर भागवा. तो अजून कुणी वापरत नाही, त्यात कुणाचा डेटा नाही, तो मोडला तर कुणाचं अडत नाही. पुस्तकांच्या ॲपमध्ये पंचवीस जणांनी आपले तास घालून नोंदी केल्या आहेत.

त्या नोंदींबद्दल जरा विस्तारानं बोलते, कारण माझी सगळ्यांत मोठी चूक तिथेच झाली. माझं ॲप एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतं. सगळा डेटाबेस एका फाईलमध्ये, त्यामुळे बॅकअप म्हणजे ती फाईल रोज रात्री दुसरीकडे कॉपी करायची, इतकं सोपं मी समजले होते. पुढे वेग वाढावा म्हणून मी 'वॉल' ही पद्धत चालू केली. तिच्यात नवे बदल आधी शेजारच्या एका वेगळ्या फाईलमध्ये, नावाच्या शेवटी 'वॉल' असलेल्या, लिहिले जातात आणि नंतर सवडीनं मुख्य फाईलमध्ये मिसळले जातात. माझी बॅकअपची स्क्रिप्ट मात्र मुख्य फाईल तेवढी उचलत राहिली. एके दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप उघडला तर उघडला, तक्रार काहीच नाही, पण एका बाईंनी आदल्या दोन दिवसांत बसून घातलेली त्रेचाळीस पुस्तकं त्यात नव्हती. ती त्या शेजारच्या फाईलमध्ये होती आणि ती फाईल डिस्कबरोबर गेली.

मी त्यांना त्याच दिवशी सविस्तर पत्र लिहिलं: काय गेलं, का गेलं, आता काय बदललंय. त्यांनी ती पुस्तकं पुन्हा भरली, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. तेव्हापासून चालू डेटाबेसची फाईल मी कधीच साध्या कॉपीनं उचलत नाही. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची आज्ञा आहे, आणि 2019 पासून 'व्हॅक्यूम इंटू' ही आज्ञाही आहे. दोन्ही त्या क्षणाची पूर्ण, एकसंध प्रत काढून देतात. आणि बॅकअप आहे की नाही हे मी फाईल बघून ठरवत नाही. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडते, ॲप तिच्यावर चालवते, आणि शेवटचं भरलेलं पुस्तक कोणतं ते मूळ ॲपशी ताडून बघते. वीस मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट देवनागरीची आहे आणि ती तुमच्या खेळाला थेट लागू होते. मला एका वापरणाऱ्यानं कळवलं की 'दऱ्या' असं शोधलं तर पुस्तक येत नाही, पण यादी खाली सरकवत गेलं तर ते डोळ्यांना दिसतं. दोन्ही शब्द मी शेजारी शेजारी ठेवले, काहीही फरक नाही. मग प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या आकड्यानं साठवतो तो, छापून पाहिला. शोधात आलेला शब्द होता 2342, 2353, 2381, 2351, 2366. साठवलेला होता 2342, 2352, 2381, 8205, 2351, 2366. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, आणि मग 8205, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. दोन वेगवेगळे कीबोर्ड, पडद्यावर एकच अक्षर.

मी घाईनं उपाय केला: शोधताना ते न दिसणारं चिन्ह दोन्हीकडून गाळून टाकायचं. चाचणीत लगेच कळलं की असं केलं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र सापडायला लागला. मराठीत हा फरक अर्थाचा आहे, तो पुसून चालत नाही. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं तर 'र' आणि नुक्ता (खालचा ठिपका) मिळून 'ऱ' होतो, पण जॉइनरवालं रूप तसंच राहतं. म्हणून शेवटी असं केलं: प्रत्येक नावाची शोधासाठी एक वेगळी प्रत साठवायची, आणि त्या प्रतीपुरतं 'र, हलन्त, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचं. माणसानं स्वतः टाइप केलेलं नाव जसंच्या तसं ठेवायचं. नोंद अशी गेली: "ऱ्य आणि ऱ्ह असलेले शब्द आता कोणत्याही कीबोर्डनं लिहिलेले असले तरी शोधात सापडतात. तुमच्या नोंदींतली अक्षरं बदललेली नाहीत. ही चूक कळवणाऱ्या वाचकाचे आभार." तुमच्या खेळात टाइप केलेला शब्द अपेक्षित शब्दाशी ताडताना अशीच काळजी घ्या. नाहीतर बरोबर टाइप केलेल्याला खेळ 'चूक' म्हणेल, आणि शिकणारा माणूस स्वतःलाच दोष देत बसेल.

आवृत्तीच्या क्रमांकांवर फार विचार करू नका. तीन आकड्यांची सेमँटिक व्हर्जनिंग ही पद्धत दुसऱ्या प्रोग्रॅमरांनी ज्यावर अवलंबून राहायचं अशा लायब्ररीसाठी, म्हणजे तयार कोडच्या संचासाठी, चांगली आहे, कारण पहिला आकडा वाढला की 'सांभाळून, तुमचा कोड मोडू शकतो' हा इशारा त्यांना मिळतो. पुस्तकांच्या ॲपला साल आणि महिना पुरतो. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती 4.10 होती ती ऑक्टोबर 2004 मध्ये आली म्हणून. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा क्रमांक तर दर आवृत्तीगणिक पायच्या किमतीच्या आणखी एक अंक जवळ जातो. ही मोकळीक आपल्यालाही आहे. वेबसाइटला मी क्रमांकच देत नाही, पानावर बदलाची तारीख असते, तेवढं बस.

वेबसाइटचे पत्ते मात्र बदलू नका. नवं रूप देताना पानांची नावं 'नीट' करायचा मोह होतो, आणि लोकांनी कुठे कुठे साठवून ठेवलेले दुवे एका रात्रीत मरतात. बदलणं अटळ असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं, 301 क्रमांकाचं वळण द्या आणि ते वळण पुढे कधीच काढू नका. आणि जितकं साध्या एचटीएमएलवर राहाल तितकं बरं. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनलेली जगातली पहिली वेबसाइट 2013 साली तिच्या मूळ पत्त्यावर परत मांडली गेली, आणि तिची पानं आजच्या ब्राउझरमध्ये सहज वाचता येतात. माझी स्क्रिप्ट चारशे-साडेचारशे ओळींची आहे, ती साधी पानं तयार करते, आणि गेल्या आठ वर्षांत तिच्यामुळे वेबसाइट एकदाही बंद पडलेली नाही.

बाहेरच्या लायब्ररी घेताना प्रत्येक वेळी थांबून विचार करा, कारण प्रत्येक लायब्ररी म्हणजे पुढच्या अपडेटचं एक देणं असतं. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या लायब्ररींच्या सामायिक भांडारातून, काढून घेतलं गेलं, आणि असंख्य प्रोजेक्टची बांधणी अडली. हौसेच्या कामात माझा एक नियम आहे, तो मी मोडत नाही: लायब्ररी अद्ययावत करणं आणि नवी सोय देणं एकाच आवृत्तीत नाही. दोन्ही एकत्र केलं आणि काही बिघडलं, तर नेमकं कशानं बिघडलं ते शोधण्यातच महिन्याचे बारा तास जातात.

देखभालीसाठी मी वर्षात चार तारखा ठरवून ठेवल्यात. त्या दिवशी नवं काही करत नाही. लायब्ररींच्या सुरक्षेच्या सूचना पाहते, बॅकअप उघडते, डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत आणि त्याला जोडलेला ईमेल पत्ता तपासते. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपून सुरुवातीची सवलतही गेली, तर ते 30 दिवसांच्या रिडेम्प्शन, म्हणजे सोडवून घेण्याच्या, काळात जातं. तेव्हा ते सोडवायला बहुधा जादा पैसे पडतात. त्यानंतर 5 दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतं. एचटीटीपीएसच्या, म्हणजे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या, प्रमाणपत्राचं नूतनीकरण हातानं करत असाल तर ते आधी स्वयंचलित करा. अशी प्रमाणपत्रं फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टनं मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं जून 2025 मध्ये थांबवलं. शिवाय अशा प्रमाणपत्रांची कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47 दिवस अशी उतरत जाणार हे ठरलेलं आहे. हातानं करणाऱ्याला हे झेपणार नाही.

राहिला प्रश्न मधल्या चार-पाच महिन्यांच्या शांततेचा. ती शांतता वाईट नाही. लोकांना त्रास होतो तो आपल्या नोंदी सुरक्षित आहेत की नाही हे कळत नाही म्हणून. ॲपमध्ये कुठेतरी दिसेल अशी एक ओळ ठेवा आणि देखभालीच्या चार तारखांना तिची तारीख तेवढी बदला: "सध्या नवीन सोयींचं काम थांबलं आहे. ॲप चालू आहे, बॅकअप तपासलेला आहे, बिघाड कळवल्यास आठवड्यात उत्तर मिळेल." तुम्ही थकलेले असलात तरी ही ओळ खरी राहू शकते. आणि 'लवकरच'ची यादी आजच काढून टाका. कुणी नवी सोय मागितली आणि ती करायची नसेल तर त्याच आठवड्यात तसं कळवा. 'नाही' ऐकून माझ्याकडचं कुणी ॲप सोडून गेल्याचं मला आठवत नाही. 'बघू' ऐकून वर्षभर वाट पाहिलेले दोन जण मात्र आठवतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

कधी एखादं काम बंदच करावंसं वाटलं तर तेही नोंद आधी लिहून करा. मी माझं खर्चाच्या नोंदीचं ॲप बंद केलं तेव्हा नोंदीतलं पहिलं वाक्य होतं, "तुमच्या सगळ्या नोंदी एका फाईलमध्ये उतरवून घेता येतात." ते वाक्य खरं करायलाच मला तीन आठवडे लागले. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाईल, एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसत होती. फाईलच्या सुरुवातीला मजकूर युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी तीन बाइटची बीओएम ही खूण घातल्यावर अक्षरं नीट आली. हे सगळं झाल्यावर मगच बंद करण्याची तारीख जाहीर केली, तीन महिने पुढची. त्या तीन महिन्यांत जवळपास सगळ्यांनी आपापली फाईल नेली. ज्यांनी नेली नाही अशा दोघांना मी स्वतः पत्र लिहून पाठवली.

तुमच्या तीन कामांपुरतं सांगायचं तर वेबसाइटला सध्या हात लावू नका, ती चालते आहे. खेळासाठी नवं फ्रेमवर्क घ्या, पण आधी त्याची चार वाक्यांची नोंद लिहा. पहिलं वाक्य "दहा शब्दांचा एक धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो" एवढंच असू द्या. गुणतक्ता, आवाज, पातळ्या हे सगळं त्या वाक्यानंतर. पुस्तकांच्या ॲपचा कालचा बॅकअप मात्र आजच दुसऱ्या मशीनवर उघडा आणि शेवटचं भरलेलं पुस्तक त्यात आहे का ते पाहा.